टोबॅगोच्या आधीची विहीर

प्रियंकाचा फोन दुपार कलल्यावर यायचा. इकडे बिदरकडच्या संतपुरात ऊन उतरायला लागलेलं असायचं आणि तिकडे वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला ती हातात सकाळच्या चहाचा कप घेऊन ड्यूटीवर निघायच्या गडबडीत असायची. तिथल्या एका खासगी दवाखान्यात ती नर्स होती. बिदरला शिकली, हैदराबादला नोकरी केली आणि मग एकदम समुद्रापलीकडे गेली.

"आई, फेब्रुवारीत मला आठवडाभर सुट्टी मिळालीय," एक दिवस ती म्हणाली. "तू आन् पप्पा इकडं या. टोबॅगोला जाऊ. समुद्राच्या काठी राहू."

पंचशीलाबाईंनी फोन विलासरावांकडे वळवला. विलासरावांची सगळी नोकरी बसवकल्याणच्या बस डेपोत गेली होती. उमरगा, सोलापूर ही वाट त्यांना झोपेतही पाठ होती. त्यामुळे कुठल्याही गावाचं नाव निघालं की ते आधी रस्ता विचारायचे.

"त्रिनिदादच अजून नीट कळलं न्हाई मला, आता हे टोबॅगो कुठं काढलीस?"

"शेजारचं बेट हाय, पप्पा. बोटीनं जायचं. तीन-चार तास."

"बोट वाटंत कुठं थांबती का?"

"समुद्रात कुठं थांबंल?" प्रियंका हसली आणि तिनं आठवड्याचा बेत सांगायला सुरुवात केली. एक दिवस जुना किल्ला, एक दिवस धबधबा, एक दिवस जंगल, मग बेटाचं हे टोक, मग ते टोक.

"ही सहल हाय का इलेक्शनचा दौरा?" विलासराव म्हणाले.

पंचशीलाबाईंचं लक्ष विलासरावांच्या मोबाईलमध्ये होतं. प्रियंकानं आदल्याच दिवशी पाठवलेला एक व्हिडिओ त्या पुन्हा पुन्हा बघत होत्या. पाण्याखालचा होता तो. निळ्या उजेडात झाडासारखं काहीतरी डोलत होतं, पण ते झाड नव्हतं. त्याच्या फांद्यांमधून पिवळे, पट्ट्यापट्ट्याचे मासे असे फिरत होते, जशी बाजारात माणसं फिरतात.

"हे तू काढलीस?" त्यांनी विचारलं.

"व्हय. चष्मा लावायचा, तोंडात नळी धरायची आन् तोंड पाण्यात घालून नुस्तं खाली बघायचं."

"मला दिसंल का?"

"तुला काचेच्या तळाच्या बोटीत बसवते. बसल्या जागी दिसंल सगळं."

"काचंतून तर मी टीव्ही बघतेच की," पंचशीलाबाई म्हणाल्या. "मला तोंड पाण्यात घालून बघायचंय."

फोन संपल्यावर विलासराव त्यांच्याकडे बघत राहिले. बाईंनी उभी हयात अंगणवाडीत काढली होती. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेली. रिटायर होऊन वर्ष झालं होतं. बाकी सगळं करून झालं असेल, पण घोट्याच्या वरच्या पाण्यात त्या कधी उतरल्या नव्हत्या.

"तुम्ही शिकवा मला पोहायला," त्या म्हणाल्या.

"मला कुठं येतंय? आमच्या लहानपणी कमठाण्यात विहिरी हुत्या, पर आमच्यासाठी नव्हत्या. ओढ्याला पाणी आलं की आम्ही चार पोरं त्यात लोळायचो. त्याला काय पोहणं म्हणतात?"

गावात पोहणारे पुष्कळ होते, पण ते सगळे पुरुष. साठीला आलेली बाई त्यांच्याकडून शिकणार कशी? दोन दिवस हाच विचार पंचशीलाबाईंच्या डोक्यात होता. तिसऱ्या दिवशी शेताकडे जाताना बांधावर सुगंधाबाई भेटली. सुगंधाबाई म्हणजे शेजारच्या पिराप्पाची बायको, धनगराघरची. तिची पोरं पंचशीलाबाईंच्या अंगणवाडीत शिकली, म्हणून अजूनही ती त्यांना बाईच म्हणायची. पंचशीलाबाईंनी सहज विषय काढला, तर सुगंधाबाई डोक्यावरचं गवताचं ओझं खाली टाकून हसायला लागली.

"आवं बाई, मला येतंय की! लगीन व्हायच्या आदी आम्ही मांजरेत मेंढरं धुवायचो. एकेक मेंढरू धरून डोहात न्यायचं. पोहल्याबिगर कसं व्हईल?"

"मग आता?"

"आता कोण पोहू देतंय? सून झाले, सासू झाले." मग तिनंच विचारलं, "पर तुम्ही कामून शिकायलाव?"

पंचशीलाबाईंनी मोबाईल काढून तो व्हिडिओ दाखवला. सुगंधाबाईनं पदरानं स्क्रीन पुसली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"हे खरंच पाण्याच्या खाली हाय?"

"व्हय."

"माय गं! उद्या या आमच्या इहिरीवर. सोयाबीन निघालंय, रानात कुणी न्हाई. पिराप्पाला मी सांगते."

विहीर जुनी, दगडी, आत उतरायला पायऱ्या असलेली. पावसाळा नुकताच संपल्यामुळे पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं. पंचशीलाबाई जुना पंजाबी ड्रेस घालून काठावर येऊन उभ्या राहिल्या आणि तिथंच थबकल्या. त्यांची आई अशाच एका विहिरीपासून लांब, घागर घेऊन उभी राहायची. कुणीतरी येईल, वरून पाणी ओतेल, म्हणून वाट बघत. लहानग्या पंचशीलाबाई तिच्या लुगड्याला धरून असायच्या. तेव्हा त्यांना विहिरीत काय असतं ते दिसायचं नाही. फक्त आत पडणाऱ्या पोहऱ्याचा आवाज ऐकू यायचा.

"या की," खालून सुगंधाबाई म्हणाली. ती कासोटा घालून कमरेएवढ्या पाण्यात उभी होती.

पंचशीलाबाई एकेक पायरी उतरल्या. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. सुगंधाबाईनं त्यांच्या पाठीला तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा बांधला आणि पोटाखाली हात दिला. "अंग सोडा. लाकडासारखं ताठ नका होऊ." पण अंग सुटेना. नाकात पाणी गेलं, ठसका लागला. बाईंनी दोन्ही हातांनी सुगंधाबाईचा दंड असा आवळला की तिथं वळ उठले.

वर आल्या तेव्हा चिंचेखाली सत्यभामाबाई बसलेली होती. पिराप्पाची म्हातारी आई. नजर अधू, पण कान तिखट.

"कोण उतरलं हुतं?" तिनं विचारलं.

"अंगणवाडीच्या बाई," सुगंधाबाई म्हणाली.

म्हातारी तोंड फिरवून काठी टेकत उठली आणि घराकडे चालू लागली. पंचशीलाबाईंनी ओले केस पिळले. मग त्याही घराकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या विहिरीवर गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. घरी विलासरावांना म्हणाल्या, "काचेची बोट काय वाईट न्हाई." विलासरावांनी मान डोलावली, पण बायकोचा चेहरा बघून त्यांना जेवण गेलं नाही.

संध्याकाळी सुगंधाबाई दारात हजर. आत येऊन खुर्चीवर बसली, पाणी मागून घेतलं आणि म्हणाली, "कामून आला न्हाईत?"

"तुमच्या सासूला, अव्वाला आवडलं न्हाई."

"न्हाई आवडलं. मला ठावं हाय. मी भांडले काल. म्हणलं, घरात सगळी फिल्टरचं पाणी पितेत, इहिरीचं पाणी तुरीला जातंय, तुरीला काय इटाळ व्हायलाय? ती काय बोलली न्हाई. तिचं तिच्याजवळ. इहीर माझ्या नवऱ्याची हाय, आन् तुम्हाला मी बोलावलंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन् बाई, खरं सांगू? मला बी लई वर्सांनी पाण्यात बरं वाटलंय. तुम्ही न्हाई आलाव तर मी कुणाच्या नावावर उतरू?"

पंचशीलाबाई हसल्या. दुसऱ्या सकाळी पुन्हा गेल्या.

हळूहळू अंग सुटायला लागलं. आधी डब्यासह, मग डबा सैल बांधून. पाणी उचलून धरतं, आपण फक्त त्याला धरू द्यायचं असतं, हे कळायला बाईंना बराच वेळ लागला. पण एकदा कळल्यावर त्या विहिरीच्या मधोमध पालथ्या पडून राहू लागल्या. एव्हाना विलासरावांनी मागवलेला चष्मा आणि नळी औरादहून कुरियरनं आली होती. पहिल्यांदा चष्मा लावून त्यांनी तोंड पाण्यात घातलं तेव्हा सगळं हिरवंगार धूसर दिसलं. मग नजर बसली. दगडांच्या फटीतून पिंपळाची मुळं दाढीसारखी खाली लोंबत होती. उन्हाची तिरीप खोल जाऊन कुठंतरी विरत होती. बोटाएवढे मासे एकदम वळत होते, सगळे मिळून, कुणी सांगितल्यासारखे. आणि एका पायरीच्या खाली, सावलीत, ताटाएवढं कासव पाय पसरून तरंगत होतं.

बाई धडपडत वर आल्या. "सुगंधा! कासव हाय खाली!"

"कुठं? बघू, द्या तो चष्मा."

सुगंधाबाईनं चष्मा लावून तोंड बुडवलं. ती वर येईचना. श्वास संपला तशी आली, पुन्हा गेली. शेवटी पायरीवर बसून चष्मा कपाळावर सरकवत म्हणाली, "ह्या घरात येऊन माझं आयुष्य गेलं. ह्याच पाण्यावर मी ऊस बघितला, तूर बघितली. आन् खाली काय हाय ते मला ठावंच न्हाई."

पिराप्पा मोटार बघायला आला होता. वरूनच ओरडला, "काय सापडलंय?" त्यालाही चष्मा हवा झाला. मिशा मध्ये येत असल्यामुळे त्याच्या चष्म्यात सारखं पाणी शिरत होतं, आणि तो दर वेळी म्हणत होता, "थांबा, थांबा, आत्ता दिसंल."

ही गडबड चिंचेखाली ऐकू गेली. सत्यभामाबाई काठी टेकत काठापाशी आली. पिराप्पानं चष्मा काढून हातात धरला.

"काय बघायलाव एवढं?" म्हातारीनं विचारलं.

सुगंधाबाईनं पंचशीलाबाईंकडे पाहिलं. पंचशीलाबाई पायऱ्या चढून वर आल्या, म्हातारीपासून थोड्या अंतरावर टेकल्या आणि जे दिसलं ते सांगू लागल्या. मुळं, मासे, उजेड. लहान पोरांना सांगायच्या तसं, हातवारे करून. कासवाचं नाव निघालं तसं म्हातारीनं मान वर केली.

"केवढं हाय?"

"ताटाएवढं, अव्वा."

"माझ्या मालकानं सोडलं हुतं. एवढुसं हुतं, मुठीत मावायचं. मला वाटलं कवाच मेलं आसंल." म्हातारीचे अधू डोळे पाण्याकडे लागले होते. मग म्हणाली, "आन् तू जायलीस त्या समुद्रात काय आसतंय?"

"तेच बघायला जायलेय."

"पाणी खारट आसतंय म्हणं. एवढं पाणी आन् पिता येत न्हाई, मग ते देवानं कशाला केलं?"

"कुणी केलं ते मला न्हाई ठावं, अव्वा. पर माशांसाठी चांगलं हाय."

म्हातारी हसली की नुसतं तोंड हललं, ते कळलं नाही. पण त्या दिवशी ती घराकडे परत गेली नाही. चिंचेखाली न जाता काठावरच्या दगडावर बसून राहिली, आणि पंचशीलाबाई पाण्यात उतरल्यावर मधून मधून विचारत राहिली, "आता दिसतंय का गं? काय करायलंय?" त्या एवढ्या वर्षांच्या शेजारात म्हातारी त्यांच्याशी पहिल्यांदाच इतकं बोलत होती. मागचं काही पुसलं गेलं असं पंचशीलाबाईंना वाटलं नाही. पण उत्तर देताना त्यांचा आवाज मोकळा लागत होता, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं.

पुढच्या फोनच्या वेळी सगळेच पंचशीलाबाईंच्या ओसरीवर होते. प्रियंकाला स्क्रीनवर चार तोंडं दिसली.

"प्रिया, तो किल्ला आन् धबधबा काढून टाक," पंचशीलाबाई म्हणाल्या. "एकाच गावात राहू आठवडाभर. समुद्र जवळ पायजे. मी रोज पाण्यात उतरणार."

"आई, पण तुला..."

"येतंय मला. तरंगता येतंय. सुगंधानं शिकवलंय."

प्रियंकाचा कप हातातच राहिला. मग ती जोरात हसली. "आगं, तिथं सगळ्यांना जॅकेट देतेत. ते घातलं की माणूस बुडतच न्हाई. मला स्वतःला पोहता येत न्हाई. तो व्हिडिओ मी जॅकेट घालूनच काढलाय."

सुगंधाबाईनं पहिल्या दिवशी वळ उठलेला आपला दंड चोळला आणि पहिली तीच हसली.

"मग आदी कामून न्हाई सांगितलीस?" पंचशीलाबाई म्हणाल्या.

"तू विचारलीसच कुठं?"

विलासरावांनी फोन ओढून घेतला. त्यांना वेगळंच काही जाणून घ्यायचं होतं. प्रियंकानं कधीतरी म्हटलं होतं की तिकडे लोक हिरव्या तुरीचे दाणे भातात घालून खातात. "ती तूर आपल्यासारखीच हाय का? झाड केवढं होतं? कवा पेरतेत?"

"पप्पा, मी नर्स हाय, शेतकरी न्हाई."

"मग एक दिवस मला कुणाच्या तरी तुरीत घेऊन चल. आन् मी बी थोडं बियाणं आणू का इकडचं?"

"बियाणं आणायला परवानगी नसती, पप्पा. विमानतळावरच काढून घेतेत. फोटो आणा."

पिराप्पानं लगेच सांगितलं की आपल्या तुरीचे फोटो फुलावर असताना काढायचे, म्हणजे तिकडच्या माणसांना नीट कळेल. प्रियंका म्हणाली, तिच्या मनात एक कोळ्यांचं गाव आहे, कॅस्टारा. तिथं सकाळी मोठं जाळं किनाऱ्यावर ओढतात. वाटेनं जाणाऱ्यानंही दोरीला हात लावला तरी चालतं. विलासरावांना हे एकदम पटलं. नुसतं बघत बसण्यापेक्षा दोरी ओढलेली बरी.

"ताई," सुगंधाबाई मोबाईलच्या अगदी जवळ गेली. स्क्रीनवर तिचं फक्त नाक दिसत असावं. "तिथल्या बायका पोहतेत का?"

"काही पोहतेत, मावशी. बऱ्याच जणींना येत न्हाई. समुद्र दारात आसून बी."

"आसं?" सुगंधाबाई मागे सरकली आणि विचारात पडली.

प्रियंका दिवसांची मांडणी करू लागली. जाळं ओढायचा दिवस, तुरीचा दिवस, पाण्यातले दिवस. शेवटी एक दिवस उरला.

"त्या दिवशी काय ठेवू, आई?"

"काही नको ठेवू," पंचशीलाबाई म्हणाल्या. "तिथं गेल्यावर काहीतरी दिसंल, त्याच्यासाठी राहू दे."

प्रियंकानं तिकीट काढते म्हणून सांगितलं आणि ती ड्यूटीवर गेली. ओसरीवरून सगळे उठले. ऊन अजून होतं. विलासराव पिराप्पाबरोबर तूर बघायला रानाकडे निघाले. जाता जाता ते त्याला सांगत होते, आपल्याकडे आता दिवस कलायला लागला, तर तिकडे पोरगी सकाळच्या ड्यूटीला जायलीय, हे कसं होतं ते. दोघेही बांधावर थांबून सूर्याकडे बघत होते.