उजवीकडे गेलेली बैलगाडी

पहाडगंजच्या मराठी शाळेत अलका सव्वीस वर्षं भाषा शिकवत होती. मुलं दिल्लीत वाढलेली. धड्यात 'घुंगरमाळ' आली की तिला फळ्यावर चित्र काढावं लागे, आणि चित्र पाहूनही मुलं कोरीच. त्यापेक्षा आवाजच ऐकवला तर, असं तिच्या मनात आलं. दिल्लीतल्याच द्वारका भागात दर रविवारी आवाज तयार करण्याचं काम शिकवणारी एक कार्यशाळा भरत होती, तिथं तिनं नाव घातलं. बाकीचे सगळे तिच्या निम्म्या वयाचे.

एक गोष्ट मात्र तिनं अर्जात लिहिली नाही. लहानपणी गालगुंड झालं आणि तिचा उजवा कान कायमचा गेला. घरच्यांखेरीज कुणाला ते ठाऊक नव्हतं. एका कानावर नोकरी, संसार, सगळं निभलं होतं.

तिसऱ्या रविवारी शिकवणाऱ्या धीरजनं प्रत्येकाला एकेक प्रसंग करायला सांगितला. अलकानं बैलगाडी घेतली. गाडी डावीकडून यायची आणि समोरून उजवीकडे निघून जायची. तयार आवाज वापरायचे नाहीत, सगळं हातानं करायचं. तिनं मुठींना ओला टॉवेल गुंडाळून वाळूच्या परातीत बैलांची पावलं टाकली, एक खिळखिळी खुर्ची हलवून चाकं फिरवली. त्यात ती इतकी रमली की जेवायची आठवण राहिली नाही. पण हेडफोन लावून ते आवाज डावी-उजवीकडे बसवायच्या जुळवणीला बसली आणि गाडी समोर येऊन नाहीशी झाली. पुढचा रस्ता तिच्यासाठी नव्हताच. कमी पडायला नको म्हणून तिनं उजवीकडचा आवाज अंदाजानं वाढवत नेला.

धीरजनं ते स्पीकरवर लावलं तेव्हा उजवीकडून असा खडखडाट झाला की एका मुलीनं कानांवर हात ठेवले. ट्रक आला, असं कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. हेडफोन खराब आहे का, धीरजनं विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. शब्द ओठांवर आलाही होता. पण वर्गात खोटं बोलणारी मुलं तिला लगेच ओळखू यायची, आणि आज आपला चेहरा तसाच झाला असणार, हे तिला कळलं.

"हेडफोन ठीक आहे," ती म्हणाली. "माझ्या उजव्या कानाला ऐकू येत नाही. लहानपणापासून."

हशा थांबला. धीरजनं सहानुभूती दाखवली नाही, हे तिला फार बरं वाटलं. तो म्हणाला की हातानं केलेले आवाज एकाच माइकवर घेतात, तिथं डावं-उजवं नसतंच. आणि आजच्या सगळ्या कामात पावलं तिचीच खरी होती. जुळवणीला जोडीदार घ्या. कानांवर हात ठेवणारी रुचिता त्यानं तिच्याशेजारी बसवली.

रुचिता लष्करी छावणीत वाढलेली, साताऱ्याकडच्या सुभेदाराची मुलगी. मराठी बोलताना दर वाक्यात हिंदीवर घसरायची. गाडी कुठून कुठं जाते ते ती बरोबर पकडायची; पण चाकांचा आवाज चुकतोय कुठे, हे तिला सांगता येईना.

"करकर नको, कुरकुर हवी," अलका म्हणाली.

"काकू, दोन्ही सेम नाही का?"

"करकर ओझ्याची. गाडी रिकामी आहे आपली."

रुचितानं दोन्ही शब्द दोनदा म्हणून पाहिले, मग उठून खुर्ची अलगद हलवली. आवाज जमला. पुढचे तीन रविवार त्या दोघी एकत्रच बसल्या.

जुलैत शाळा उघडल्यावर अलकानं सहावीच्या वर्गात दोन स्पीकर मांडले आणि मुलांना डोळे मिटायला सांगितलं. गाडी निघाली. तिच्या कानाला ती एकाच जागी वाजत राहिली. पण समोर बसलेल्या बत्तीस माना आपापल्या डावीकडून उजवीकडे सावकाश वळत गेल्या आणि दाराशी येऊन थांबल्या.