म्हसोबाचं ‘ओवाळ’

“ओवाळ!” दगड बोलला, आणि दोनशे बायांची ताटं एकदम फिरायला लागली.

सेनगावापासून दोन कोसांवरच्या वाडीत म्हसोबा बोलायला लागून तीन महिने झाले होते. जीपा भरभरून माणसं येत. दगडाशेजारी बसणाऱ्या बाबाचं नाव परमेश्वर. आईबापानंच ठेवलेलं, त्यामुळं अर्धं काम तिथंच झालेलं. शेंदूर फासलेल्या दगडाला टेकून कापडानं झाकलेला पाट, पाटावर बाबाचा हात. भक्तानं गाऱ्हाणं सांगायचं. मग बाबा हात उचलायचा, “बोल, म्हसोबाराया!” म्हटलं की घोगरा आवाज निकाल द्यायचा. निकालाच्या शेवटी हुकूम एकच : ओवाळ.

गर्दीच्या कडेला कोंडीबा मेकॅनिक उभा होता. सेनगावात तो टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचा. भानामती झाली, लिंबातलं रक्त झालं. दर वेळी त्यानं लबाडी उघडी पाडली आणि दर वेळी शिव्या खाऊन घरी आला. आता त्याला कंटाळा आला होता. पण आज त्याची थोरली बहीण धुरपताबाई रांगेत होती. तिला टीबी. सरकारी गोळ्यांनी खोकला थांबला होता, तेवढ्यात म्हसोबा म्हणाला, गोळी टाक, अंगारा खा. दोन महिने गोळी बंद. कालपासून थुंकीत रक्त.

“आक्का, दवाखान्यात चल.”

“देवाला इचारते. त्यो म्हनला त खाते. तुझं काहून ऐकू? तू काय देव हाईस?”

“न्हाई. मेकॅनिक हाय.”

तेवढ्यात दगडानं पुढच्या माणसाला निकाल दिला आणि कोंडीबाचे कान टवकारले. हे ‘ओवाळ’ नव्हतंच. हे ‘ओव्हर’ होतं! वॉकी-टॉकीवर आपलं बोलणं संपलं की म्हणतात ते.

ही भाषा कोंडीबाला घरची. त्याच्याकडं हौशी रेडिओचं लायसन होतं. लिलावात निघालेला एक जुना पोलिसी वॉकी-टॉकी त्यानं नांदेडच्या भंगारवाल्याकडून आणला होता. विटेएवढा जड, गाडीच्या चाकाखाली गेला तरी बोलणारा. एका चॅनेलचे क्रिस्टल, म्हणजे लहर ठरवणारे खडे, बदलून तो हौशी मंडळींशी त्यावर बोलायचा. दुसरा चॅनेल जुनाच, फक्त ऐकण्यापुरता. “तीन पीस थे,” भंगारवाला म्हणाला होता, “दो कोई महाराज ले गया.” तेव्हा कोंडीबा नुसता हसला होता.

त्यानं खांद्यावरच्या पिशवीत हात घालून आतल्या संचाचं बटण दुसऱ्या, जुन्या पोलिसी चॅनेलवर फिरवलं आणि आवाज मोठा केला.

धुरपताबाई पुढं झाली. “देवा, गोळी खाऊ का...”

बाबानं पाट दाबला, आणि माईक भोंग्यासमोर आल्यावर निघते तशी, शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखी किंकाळी पिशवीतून निघाली. बाबाचा हात झटक्यात उठला. लगेच दगडातून आणि पिशवीतून एकच आवाज आला :

“दादा, काय गोंधळ हाय तिकडं? सेल उतरले का काय? ओव्हर!”

सवयीनं चार ताटं फिरली. मग थांबली.

“देव सर्वव्यापी आहे!” बाबा ओरडला. “पिशवीतही आहे!”

“आन सेल कोनाचे उतरले, म्हसोबाचे?” शेरडं राखणारी चांगुणा म्हातारी म्हणाली.

कोंडीबानं कापड ओढलं. पाटाखाली त्याच्यासारखाच काळा संच. हातानं पाट दाबला की बटण दाबलं जाई आणि गाऱ्हाणं पलीकडं पोचे. हात उचलला की उत्तर येई. दोन शेतं सोडून कडब्याच्या गंजीआड बाबाचा भाऊ दुसरा संच घेऊन बसलेला सापडला. पूर्वी तो कुठंतरी रखवालदार होता. तिथली ‘ओव्हर’ची खोड जिभेवरून गेली नव्हती.

लोक बाबाला मारायला धावले. “मारू नका, ठाण्यात द्या,” कोंडीबा थकून म्हणाला. “त्यो लबाड हाय, बराबर. पन तीन महिने ताटं कोनी फिरवली? एकानं तरी इचारलं का, दगडाला घसा कुठून आला?”

त्यानं धुरपताबाईला सायकलवर मागं बसवलं.

दवाखान्यात नर्सनं सांगितलं : औषध पुन्हा पहिल्यापासून. आठ महिने, त्यातले दोन महिने सुयाही. धुरपताबाईनं गोळ्या गिळल्या.

“कोंड्या, रांगेत माझ्या मागं निर्मलाबाई व्हती. तिच्या लेकीला फिटा येत्यात. तिची बी गोळी बाबानं बंद केलीय.”

“उद्या जातो, आक्का. लई थकलो.”

“उद्या फिट आली त? आत्ता जा. सांग तिला, देवाला हात जोड, पन डाक्टरला इचारल्याबिगर औषध सोडू नको. तुझं न्हाई ऐकायची ती. मी रक्त थुंकून सांगितलं म्हनाव.”

कोंडीबानं सायकल काढली.