सहावा ठिपका

"हा खिळा कोणी घासला?" लेथवाल्याने विचारलं.

"मीच. गंजला होता. तसाच तुमच्यासमोर कसा आणायचा, म्हणून पॉलिशपेपरने जरा..."

"काका, मुलगी बघायला आलाय का? तुटलेलं टोकही घासलंत, लांबी गेली ना त्याची. आता माप कशाचं घेऊ?"

आधीच्या कारखान्यांनी, एका नगासाठी मशीन लावत नाही म्हणून, मला दारातूनच परत पाठवलं होतं. ह्याने निदान खिळा हातात तरी घेतला, आणि मी तोच बिघडवून आणलेला. लेथवरून धातूची कुरळी साल उलगडत होती. तिच्याकडे बघता बघता मी कशासाठी आलोय हेच क्षणभर विसरलो.

माझी थोरली बहीण लहानपणापासून आंधळी. ब्रेलच्या मशीनवर ती आमच्या जुन्या घराबद्दल लिहीत होती, विसरायच्या आत. कळ दाबली की खालून खिळा कागदावर ठिपका उठवतो. सहांतला एक खिळा तुटला आणि अक्षरं लंगडी झाली. हल्ली ती जेवली की नाही, हेही मलाच विचारायची.

"घरी याल का?" असं विचारायचं होतं. तोंडून निघालं, "नसेल जमत तर राहू द्या."

"राहू द्या काय? घर कुठंय?"

सुट्टीच्या दुपारी तो आला. फडक्यात दोन-चार खिळे, एकाहून एक केसभर लांब. तो बसवायचा, ताई कळ दाबून कागदावर बोट फिरवायची.

"बुटका आहे."

"आता?"

"टोचतोय मेला."

त्याने कानस हळूच फिरवली. ताई "हं" म्हणाली. त्यानेही डोळे मिटून ठिपक्यावर बोट ठेवलं.

"मला काहीच लागत नाही, ताई. बोटं राठ झालीत."

"मग माझं ऐक. झालं काम."

तिने नवा कागद लावला आणि नुसतीच बसून राहिली. "कुठवर आले होते रे मी?"

मला ती लिपी येत नाही. मी शेवटचं पान तिच्या हाताखाली सरकवलं. खिळा तुटल्यावरही ती तसंच पानभर लिहीत गेली होती, आपल्याला आठवेल म्हणून. बोट एका ओळीवर पुन्हा पुन्हा मागे येऊ लागलं.

"दारात कोणीतरी उभं आहे," ती म्हणाली. "कोण, ते उठलंच नाहीये."

लेथवाल्याने कानस फडक्यात गुंडाळली.

"असू दे," ताई म्हणाली. तिने एका नावापुरती जागा कोरी सोडली आणि पुढचं लिहायला घेतलं.