पान तिसरे, यंत्राचा उपयोग

नलिनीने पेनाचं टोपण काढलं, टोक कागदावर टेकवलं आणि टोपण पुन्हा लावून टाकलं.

"आता काय झालं, मॅडम?" ऋषिकेशसाहेबांनी विचारलं.

"सर, आवृत्तीची तारीख चुकलीय. गेल्या वर्षीचा ऑगस्ट पडलाय."

"चुकलेली नाही. तीच हवीय."

पिरंगुटजवळच्या त्या कारखान्यात भातझोडणीची यंत्रं बनत, आणि यंत्राबरोबर जाणारी मराठी पुस्तिका अकरा वर्षं नलिनीच लिही. आता समोर होतं ते तिसरं पान. वर मथळा, 'यंत्राचा उपयोग'. खाली नवी दोन वाक्यं: 'हे यंत्र केवळ पूर्ण वाळलेल्या पेंढ्या झोडण्यासाठी आहे. ओलसर पेंढी घालणे किंवा अडकलेली पेंढी हाताने सारणे हा गैरवापर समजावा.'

गेल्या वर्षी गावागावांत गेलेल्या पुस्तिकेत ही वाक्यं नव्हती. काय होतं, ते तिला नेमकं आठवेना. संगणकावरची जुनी फाईलही नेमकी मागच्या आठवड्यापासून सापडत नव्हती.

"सर, ताम्हिणीच्या अंगाला दिवाळीपर्यंत पाऊस पाठ सोडत नाही. तिथं पूर्ण वाळलेली पेंढी कुणी बघितलीय? माणसं ओलीच घालणार. हे यंत्र बनवतानाच आपल्याला ठाऊक होतं."

"यंत्र कशासाठी आहे, ते बनवणारा ठरवतो. लोक त्याचं काय करतात, हा लोकांचा प्रश्न."

"आणि आपल्या यंत्रात बोटं गेलेल्या लीलाबाईंची मंगळवारी ग्राहक मंचात सुनावणी आहे. म्हणून ही तारीख."

साहेब हसले. "जुनी पुस्तिका आहे कुणाकडे दाखवायला? वर्षभर कोण जपतं हो? भजी बांधून संपली असतील पानं." मग हसू आवरून म्हणाले, "सोमवारी सही द्या. नाहीतर तुमच्या हाताखालची जुईली देईल. मग तुम्ही घरी बसून काय लिहायचं ते लिहा."

नलिनीने कागद पालथा करून त्यांच्याकडे सरकवला.

"बसेन की घरी. पण ही तारीख माझ्या हातून पडायची नाही."

रविवारी ती एसटीने लीलाबाईंच्या वाडीवर गेली. दोघींची ओळख कीर्तनातली. वडिलांचं बोट धरून सप्ताहाला जायची सवय नलिनीला लहानपणापासून. बुवांनी चाल धरली की अजूनही तिच्या अंगावर काटा येई. लीलाबाई पुढच्या ओळीत टाळ धरून उभ्या असत. यंदाही उभ्या होत्या, पण उजव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेलेली, म्हणून टाळाची दोरी मनगटाला बांधून. ठेका कुठे चुकला नव्हता. नलिनीच्याच टाळ्या मधेच थांबल्या होत्या.

"ये गं. कीर्तनाला मागं बसतीस, हितं तरी पुढं बस," लीलाबाईंनी घोंगडी पसरली.

"मावशी, यंत्राबरोबर एक पुस्तक आलं होतं. पातळसं, जांभळ्या पुठ्ठ्याचं."

"हाय की. देव्हाऱ्यात हाय."

नलिनी बघतच राहिली.

"आगं, दसऱ्याला यंत्राची पूजा केली, नारळ फोडला. म्हनलं, संगं पोथी आलीय अन् वाचायची न्हाई, असं कसं? सून वाचायला बसली. पयल्या पानापासनं शेवटपतूर. आमी सगळी हात जोडून."

"शेवटी कंपनीचा फोन नंबर आला," दारातून सून गौतमी म्हणाली. "त्यो पन वाचला. आन् आत्यांनी त्याच्यावर आरती धरली."

"मग? निम्म्यात उठायचं व्हय पोथीतनं?"

तिघी हसल्या. नलिनीच्या छातीवरचा दगडच उतरला. लीलाबाईंनी डाव्या हाताने पुस्तिका काढली, कपाळाला लावली आणि तिच्या हाती दिली. पुठ्ठ्यावर वाळलेलं हळदीकुंकू, आत गेल्या वर्षीच्या झेंडूची पाकळी. आता साहेबांनी आणावी हवी ती तारीख! नलिनीने भराभर तिसरं पान काढलं आणि कीर्तनात चाल धरावी तशा मोकळ्या आवाजात वाचू लागली.

"'हे यंत्र भात झोडण्यासाठी आहे. पेंढी ओलसर असून तोंडाशी अडकल्यास हलक्या हाताने आत सारावी.'"

आवाज तिथेच थांबला.

इंजिनिअरने टिपणात नुसतं 'आत सारावी' लिहून दिलं होतं. 'हलक्या हाताने' हे तिचं. दोन शब्दांनी वाक्याला माया आली, असं वाटून त्या दिवशी ती स्वतःवरच खूश झाली होती. चालू यंत्राच्या तोंडाशी ती कधी उभी राहिली नव्हती.

"तसंच केलं बग मी," लीलाबाई म्हणाल्या. "लोक म्हंत्यात, म्हातारीनं खुळ्यावानी हात घातला. खुळ्यावानी न्हाई घातला. पोथीत व्हतं तसाच घातला, हलका."

बोलण्यात तक्रार नव्हती. नलिनीने पाकळी उचलून पानांमध्ये नीट ठेवली. पुस्तिका मिटली, पुन्हा उघडली.

"मावशी, हे वाक्य माझं आहे. मी लिहिलंय."

दारातली गौतमी हलली नाही. लीलाबाईंनी नलिनीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

"तू?"

"मी."

"मंगळवारी त्या मोठ्या लोकांपुढं सांगशील असं?"

"सांगेन."

"नोकरी जाईल तुजी."

"जाऊ दे. कंपनीवाले म्हणतील, पुस्तक खोटं आहे, मागून छापलंय. म्हणून इथं माझी सही करते." तिने पेनाचं टोपण काढलं.

"देवाजवळची पोथी हाय ती. रेघोट्या नकोत हां."

"रेघोट्या नाहीत. नाव फक्त."

खिडकीतून वारा आला तसं पान फडफडलं. ते उलटू नये म्हणून लीलाबाईंनी आपला उजवा हात त्यावर दाबून धरला. उरलेल्या तीन बोटांच्या शेजारी, त्या वाक्याच्या खाली, नलिनीने आपलं पूर्ण नाव लिहिलं. आणि तारीख आजची टाकली.