पाचव्या पानावरचे नाव

आई गेल्यानंतरच्या नवव्या दिवसाची प्रार्थना आटोपून मी तिच्या कचेरीत आले, तेव्हा स्तामातियाबाई पायरीवर बसून होत्या. अकरा सप्टेंबरला त्यांच्या मुलीचे, पोलिक्सेनीचे लग्न होते आणि ते पार पाडण्याचा करार आईने केला होता. व्होलोसमध्ये आईने एकोणीस वर्षे हेच केले. दुसऱ्यांची लग्ने लावली. मी थेस्सालोनिकीत एका प्रकाशकाकडे मुद्रिते तपासते.

"देव तिला क्षमा करो," स्तामातियाबाई म्हणाल्या. "आता त्या फुलवाल्याला कोण झापणार, सांग. तुझी आई बोलायला लागली की त्याच्या कळ्या घाबरून उमलायच्या."

मला हसू आले. काळ्या कपड्यांत हसताना काहीतरी चोरल्यासारखे वाटते.

मी करार मोडायलाच आले होते. अकरा तारखेचा शनिवार, आणि रविवारी आईच्या चाळिसाव्याची प्रार्थना. बाबा गेले तेव्हा आईने तीन आठवड्यांत दुखवट्याचे काळे कपडे उतरवले होते. "विधवेच्या हाती लग्न कोण देईल?" म्हणाली. मलाही उतरवायला लावले. त्याआधी तिच्या लग्नांत वधूवरांचा पलंग मी सजवत असे, कारण त्या कामाला आईबाप दोघेही हयात असलेली मुलगी लागते. बाबा गेले त्याच आठवड्यात तिने करारांत माझ्या जागी दुसऱ्या मुलीचे नाव घातले. मला ते टंकलेल्या कागदावरून कळले. या वेळी मला माझे चाळीस दिवस पुरते हवे होते.

"मी हे लग्न करू शकणार नाही," मी म्हटले. "दुसरं कोणी शोधून देते."

"सप्टेंबरात? आता? अगं, बँडवालासुद्धा मिळणार नाही." त्यांनी पिशवीतून कराराची प्रत काढली. "शिवाय यात तू आहेस की."

आई बुधवारी धंदा शिकायला येणाऱ्या मुलींना शिकवायची. मी सुट्टीत मागे बसून ऐकलेले आहे. गोड गोष्टी कुणीही लिहितं, पाचवं पान वाईट दिवसांसाठी ठेवा, असे ती सांगायची. पूर, संप, वीज, मरण. आणि ज्याचं नाव लिहाल त्याची सही घ्या, नाहीतर ती नुसती शाई.

पाचव्या पानावर लिहिले होते: नियोजक हजर राहू शकली नाही, तर तिची मुलगी मिर्सिनी काम पाहील. माझी सही नव्हती. त्याखाली आईच्या तिरक्या अक्षरात आणखी एक ओळ होती. ती काळे घालणार नाही. शेजारी आईची आणि स्तामातियाबाईंची आद्याक्षरे, आणि तारीख नऊ फेब्रुवारी.

"ही ओळ कशी आली?"

"मीच घालायला लावली. काळ्या कपड्यातली बाई वधूवरांच्या डोक्यावर ठेवायच्या मुकुटांच्या आसपास फिरायला नको, म्हटलं. ती लगेच हो म्हणाली." मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. "तुला ठाऊक नव्हतं?"

"फेब्रुवारीत तुम्हाला माहीत होतं? तिच्या आजाराचं?"

"सही करायच्या आधीच सांगितलं तिने. लपवून सही घेतली तर ती फसवणूक, म्हणाली. सरळ बाई." त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "तुला एवढ्यात सांगू नका म्हणाली. पोर हातातलं सोडून धावत येईल म्हणे."

मला आईने जूनमध्ये सांगितले. त्याआधीचे चार महिने मी दर रविवारी फोन करत होते आणि ती खुर्च्यांविषयी, हवामानाविषयी, दादागिरी करणाऱ्या सासवांविषयी बोलत होती. मी खूप हसले होते.

मी आईच्या टेबलावरचे पेन घेतले. करारात बदल करायचा तर ओळ खोडून दोघींनी आद्याक्षरे करायची, एवढे मला येत होते. मी ती शेवटची ओळ खोडली, शेजारी माझी आद्याक्षरे केली, वर माझ्या नावापुढे सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

"मी येते. काळ्यातच येईन. पलंगाला, मुकुटांना हात लावणार नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं चालवीन."

त्यांनी पेन हातात घेतले.

"पोरी, राग मानू नकोस. मला एकच मुलगी आहे."

"मला आईही एकच होती."

"तिनेच कबूल केलं होतं."

"तिने केलं होतं. मी नाही."

स्तामातियाबाईंनी पेन खाली ठेवले. डोळे पुसले, पण सही केली नाही. मी कपाटातून त्यांच्या लग्नाची फाइल काढून दिली. तीत आईची कराराची प्रत होती, मिनिटामिनिटाचे वेळापत्रक होते, प्रत्येकाचा नंबर होता, कुणाला कशाची आठवण दोनदा करावी लागते तेही होते. जाताना त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

त्यांना लारिसाची कुणी एक बाई मिळाली, असे कळले.

शनिवारी दुपारी मी चाळिसाव्याच्या प्रार्थनेनंतर वाटायचे गहू उकडून चादरीवर पसरले. रात्रभर सुकले नाहीत तर सकाळी त्यांवर साखर बसत नाही. सहाच्या सुमाराला आईचा फोन वाजला. मी तो बंद केला नव्हता.

"एवंथियाबाई का?" पलीकडे धापा टाकत कोणी तरुण बाई होती, लारिसाच्या बाईच्या हाताखालची असावी. "फाइलीत लिहिलंय, पाद्री शेवटच्या क्षणी तबक मागतात. कुठलं तबक?"

"एवंथियाबाई गेल्या," मी म्हटले. "चांदीचं. मुकुटांचं. ते नवऱ्याच्या मावशीकडे असेल, तिला आत्ताच फोन करा. ती उशिरा निघते."

"आभारी आहे हं! आणि तुम्ही कोण?"

मी नाव सांगितले. तिकडे कागद उलटल्याचा आवाज आला; ती पाचवे पान पाहत असावी. मागे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

"मावशीला फोन करा," मी पुन्हा म्हटले, आणि फोन ठेवून गव्हावर दुसरी चादर घालून ती तळहाताने दाबू लागले.