भवानीची ज्योत आणि मनकर्णेचे दात

चावडीच्या पटांगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध भुजंगबाबाची फटफटी जागच्या जागी फटफटत होती आणि तिच्या दिव्यासमोर अख्खं गाव हात जोडून उभं! कोणी निसटू नये म्हणून दाराला अडसर घातलेला. मी मानवतच्या कापूस-जिनातला इंजन-मिस्त्री. पाटलांच्या विहिरीवरचं इंजन दुरुस्त करायला आलो आणि या तमाशात अडकलो.

"भवानीची ज्योत हाय ही!" बाबा गरजला. "तेल न्हाई, वात न्हाई! निर्मळ माणूस म्होरं आला की लखलख जळती. भानामती करणारी आली की मरती. इंजन चालू अन् ज्योत मरती, हाय का न्हाई चमत्कार?"

आबासाहेब पाटलांचे दोन बैल महिन्याभरात मेले होते. जनावरांच्या डॉक्टराला विचारायचं सोडून यांनी बोलावला बाबा. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! संशय मनकर्णेवर. का? तर विधवा, एकटी, आणि तिचं रान पाटलांच्या बांधाला लागून. ज्योत मेली तर दगडानं तिचे पुढचे दात पाडायचे, म्हणजे तिला मंत्र म्हणता येणार नाही, आणि मग वेशीबाहेर हाकलायचं, असं ठरलेलं. दगड आणूनसुद्धा ठेवला होता.

रांग मानाप्रमाणं लागली. आधी पाटील, मग बाकीचे मानकरी, मग त्यांच्या घरच्या बायका. मनकर्णा सगळ्यात शेवटी. गावात पाणीसुद्धा याच क्रमानं भरतात, त्यामुळं कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. एकेकानं दिव्यासमोर एकशे आठ वेळा देवीचं नाव घ्यायचं. पाटलांच्या तोंडावर दिवा पांढराशुभ्र पडला. लोकांनी जयजयकार केला.

मनकर्णा माझ्या शेजारीच उभी होती. ती हळूच म्हणाली,

"दादा, म्या काय बी केलं न्हाई हो. मला हितून काढा."

तिला सोडवावं असं वाटलं. पण मी परगावचा, एकटा. तोंड उघडलं तर मलाही तिचा साथीदार ठरवतील. खोटं कशाला सांगू, मी भ्यालो आणि गप्प बसलो.

तिची पाळी आली. दिवा पिवळा पडला, मग तांबडा, मग नुसता निखारा उरला. इंजन मात्र फटफटतच होतं.

"मेली! ज्योत मेली!" बाबा ओरडला. दोघांनी तिचे दंड धरले. एकानं दगड उचलला. आता मात्र माझ्याच्यानं राहवेना.

"थांबा! आबासाहेबांना परत उभं करा."

"मला? येडा झाला का रे मिस्त्री?"

"तुमी निर्मळ हाव ना? मग भेता कशाला?"

चारचौघांत पाटील माघार कशी घेणार? उभे राहिले. दिवा निखाराच! देवीचं नाव घेऊन घेऊन घसा सुकला, उजेड काही येईना. लोक कुजबुजायला लागले. पाटलांची नजर अडसराकडं गेली.

"आता दात कोणाचे पाडायचे?" मी विचारलं.

"देवीचा कोप झालाय! रांग मोडली तुमी!" म्हणत बाबा गाडी काढायला लागला. मी पुढं होऊन गाडीची वेगाची मूठ पिळली. इंजन गरजलं आणि दिवा झगझगीत पेटला. सोडली, पुन्हा निखारा. तीनदा करून दाखवलं.

"नीट ऐका. दिव्याला वीज देती बॅटरी. ती भरतो डायनामो, पण इंजन जोरात फिरलं तरच. गाडी जागेवर अन् इंजन सावकाश असलं की बॅटरीत येत काही न्हाई, दिवा मात्र खातच राहतो. हौदात पाणी यायचं बंद अन् तोटी उघडी! इंजनाची ठिणगी वेगळ्या यंत्रातून येती, म्हणून बॅटरी मेली तरी ते चालतं. जो शेवटी उभा राहील, त्याच्यावर दिवा मरणार. अन् शेवटी कोणाला उभं करता तुमी?"

लोकांनी बाबाला धरलं. चार हात पडल्यावर बाबानंच कबूल केलं, की तो हैदराबादेत एका साहेबाकडं फटफटी पुसायला होता.

"मनकर्णे, चूक झाली. जा घरी," पाटील पुटपुटले.

ती हलली नाही. "पाटील, आज मिस्त्री आला नसता तर?"

  मंडळी, दर खेपेला मिस्त्री यायचा नाही. म्हणून कोणी चमत्कार दाखवायला आला, तर त्याला आधी एवढंच सांगा: आज पाटलाला शेवटी उभा कर.