माझ्या कडेवरचा अंगठा

सर्र... सर्र... आणि मधूनच खळ्.

मी पहिल्यांदा ऐकलेला आवाज हाच. सर्र आवाज रंध्याचा, आणि खळ् आवाज रंधा मारणाऱ्याच्या पायातल्या बेडीचा. मी दौऱ्याचा टेबल बोलतोय. सागवानी, घडीचा, चारही पाय पोटाशी घेऊन बैलगाडीत निजणारा. नागपूरच्या तुरुंगात कैद्यांच्या हातून मी घडलो. तो कैदी कोण, त्यानं काय केलं होतं, मला माहीत नाही. त्याचा हात हळू होता, एवढं आठवतं.

शाळा मी शिकलो नाही. माझ्यावर हजारो कागद लिहिले गेले, पण मला एक अक्षर वाचता येत नाही. माणसं बोलतात ते ऐकू येतं, आणि माझ्याखाली झाकलेले त्यांचे गुडघे दिसतात. एवढीच माझी विद्या.

माझे मालक हिरालाल साहेब. इंग्रजांच्या राज्यात भंडारा जिल्ह्यात एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर होते, म्हणजे गावोगाव फिरून खटले चालवणारे हाकीम. माणूस आपल्यातलाच, पण अंगात कोट आणि डोक्यावर हॅट. थंडी लागली की दौरा निघायचा. गावाबाहेर आंब्याखाली तंबू ठोकायचा, मला उघडायचं, तीच कचेरी. साहेब खुर्चीवर, बाकी सगळं गाव उभं. कुणाचं म्हणणं लिहून झालं की साहेब शाईची डबी पुढं सरकवत आणि कागदाकडेच बघत म्हणत, "इथं अंगठा लाव." दिवसातून पन्नास वेळा. अंगठा कुणाचा, ते वर मान करून कधी पाहत नसत.

बेचाळीसच्या सालची गोष्ट. धान कापायला आलं होतं. आमचा तंबू करडी गावच्या तळ्याकाठी होता. पोलिसांनी डोमाला आणलं. वीस-बावीस वर्षांचा शेतमजूर. वरठीच्या रेल्वेजवळची तारायंत्राची तार त्यानं आणि त्याच गावच्या जागेश्वरानं मिळून कापली होती. जागेश्वर पळाला. डोमाच्या घरात तारेचा तुकडा सापडला.

डोमा ताठ उभा होता. म्हणाला, "हो साहेब, मीच कापली. देशासाठी कापली."

पलीकडे झाडाखाली त्याची बायको तुळसा बसली होती. ओटीत तान्हं पोर. साहेबांनी एकदा तिकडं पाहिलं आणि बराच वेळ टाक उचलला नाही. खाली त्यांचे गुडघे थरथरत होते. आपल्या हद्दीत राजद्रोह झाला हे वरच्या गोऱ्या साहेबाला कळवावं लागेल म्हणून, की त्या पोरासाठी? मी इतकी वर्षं विचार करतोय. दोन्ही असेल.

मग त्यांनी लिहिलं. डबी सरकवली. "इथं अंगठा लाव."

डोमानं लावला. बोटावर उरलेली शाई त्यानं माझ्या कडेला पुसली. लाकडात ती अशी मुरली, की रेषा न् रेषा आजही दिसते. साहेब फौजदाराला म्हणाले, "ताकीद देऊन सोडा याला. तांबं विकायला तार चोरली, कबूल करतोय. भुरटा चोर आहे."

डोमा बघतच राहिला. तो तर तुरुंगात जायला निघाला होता.

जागेश्वर पुढं पकडला गेला. दुसऱ्या कोर्टानं त्याला दोन वर्षं आत टाकलं. सुटून आला तेव्हा गावानं त्याला हार घातले. डोमाला गाव 'तारचोट्टा' म्हणू लागलं.

स्वातंत्र्य आलं. साहेबांनी नव्या सरकारचीही नोकरी केली आणि पेन्शन घेऊन भंडाऱ्यात राहिले. मी त्यांच्या वऱ्हांड्यात आलो. सत्यभामाबाई, म्हणजे साहेबांची बायको, माझ्यावर पापड वाळवायच्या. मला ते आवडायचं.

बहात्तर साली डोमा आला. केस पांढरे, अंगात धुतलेला सदरा. स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचा दगड मोहाडीला बसणार होता.

"साहेब, मले पैसा नाई पायजे," तो म्हणाला. "येवढंच लिऊन द्या का डोमानं तार चोरली नाई, कापली. दगडावर जागेश्वराचं नाव येऊन राहिलं. माह्या नातीले पोरी म्हनतात, तुह्या आज्यानं तारेचे भांडे घेतले काय वं?"

"अरे, मी तुला वाचवलं डोमा. दोन वर्षं खडी फोडली असतीस."

"वाचवलं ना, साहेब. जागेश्वर दोन वर्सांत सुटला. मी तीस वर्सांपासून अटकून आहो."

सत्यभामाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, लिहून द्या की. आता कोण तुम्हाला नोकरीवरून काढतंय?"

"मी खोटा निकाल दिला, हे माझ्याच हातानं लिहू? माझ्या नोकरीवर एक डाग नाही."

डोमानं माझ्या कडेवर हात ठेवला. "हा आहे ना, साहेब. हा माहाच होय."

साहेब म्हणाले, "जुने कागद पाहतो. पुढल्या महिन्यात ये."

तो पुढल्या महिन्यात आला. त्याच्या पुढल्याही. दर वेळी उभाच राहायचा. बस म्हणायचं साहेबांना सुचलं नाही. मग एकदा येऊन म्हणाला, "दगड बसला, साहेब. आता तरास नाई देत." त्यानंतर आला नाही.

आठ-नऊ वर्षं गेली. सत्यभामाबाई वारल्या. माझ्यावर पापड येईनासे झाले. साहेब एकटेच माझ्यापुढं बसत, डागावरून बोट फिरवत. एका सकाळी त्यांनी कागद घेतला. सात-आठ फाडले, मग एक राहिला. भाड्याचा मेटाडोर बोलावला आणि मला त्यात घातलं.

त्या दिवसापासून मी करडीतच आहे. परत कुणी नेलं नाही. शाळेच्या ओसरीत माझ्यावर पाण्याचा माठ असतो. एक पाय हलतो, खाली खापरी लावली आहे. माझी तक्रार नाही. मागणं एकच आहे, मुलांनो. माठ पुसताना माझी ही कड घासू नका. तिथं एका माणसाची जबानी आहे.

तर त्या दिवशी काय झालं ते सांगतो.

तळ्याकाठच्या त्याच आंब्याखाली साहेबांनी मला उघडायला लावलं. समोर खुर्ची मांडून बसले. कोट घातला होता. गाव जमलं. म्हातारा जागेश्वर काठी टेकत आला आणि म्हणाला, "काहो साहेब, अजून कोनाची पेशी बाकी राहिली?" लोक हसले.

तुळसा डोमाला घेऊन आली. साहेब खुर्चीत होते. डोमा समोर उभा राहिला. चाळीस वर्षांपूर्वी जिथं उभा होता तिथंच.

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. "डोमानं तार देशासाठी कापली होती. चोरी मी लिहिली. निकाल खोटा होता, दोष माझा आहे." शेवटपर्यंत वाचलं. जागेश्वरानं डोक्यावरची टोपी काढली. तुळसानं पदर तोंडाला लावला. डोमाचे डोळे भरून आले होते. त्यानं कागदासाठी हात पुढं केला. मला वाटलं, झालं, आता सुटला.

साहेबांनी कागद माझ्यावर ठेवला. खिशातून शाईची डबी काढली, पुढं सरकवली आणि कागदाकडेच बघत म्हणाले, "कागद मिळाला म्हणून इथं अंगठा लाव."

डोमाचा हात तसाच थांबला. बौद्ध झाल्यावर तो विहारातल्या रात्रीच्या वर्गात बसून सही शिकला होता. सदऱ्याच्या खिशात पेन होतं. मला ते दिसत होतं. साहेबांनी वर पाहिलं असतं तर त्यांनाही दिसलं असतं.

त्यानं डबीकडे पाहिलं. मग माझ्या कडेवर अंगठा ठेवला, त्या जुन्या डागावर, अलगद. मला घडवणाऱ्या त्या तुरुंगातल्या हातासारखा.

मग हात काढून घेतला, वळला, आणि कागद माझ्यावरच सोडून तळ्याच्या पाळीवरून चालत गेला.